सिकलसेलचा रुग्ण घरात असेल तर: क्रायसिसआधी, क्रायसिसमध्ये आणि नंतर कोणत्या क्रमाने काय करायचं

माझा धाकटा भाऊ एसएस आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचा दोष आलेला रुग्ण. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, जिल्हा रुग्णालय एसटीने दीड तासावर. गेली चौदा वर्षं त्याची दुखणी (दवाखान्यातल्या भाषेत क्रायसिस) आई आणि मी मिळून काढतो. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या लोकांशी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माया सगळ्यांची असते, धावपळही सगळे करतात, पण क्रम चुकतो. ताप मोजायच्या आधी गोळी दिली जाते. पाण्याच्या आधी बाम चोळला जातो. आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य निघतं, "रक्त चढवा."

हा लेख एसएस रुग्णांच्या आणि सिकल-बीटा थॅलेसेमिया (एका पालकाकडून सिकलसेल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया) असलेल्यांच्या घरच्यांसाठी आहे. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना यातलं बहुतेक काही लागत नाही. औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला असेल तोच पाळायचा. मी इथे सांगते आहे ती घरच्यांची कामं.

## टप्पा १: निदानाचा कागद तपासा आणि "पहिलं पान" बनवा

गावातल्या शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढंच ती सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी रक्ततपासणी लागते. "पॉझिटिव्ह" एवढाच कागद घेऊन वर्षानुवर्षं बसलेली घरं मी पाहिली आहेत. एका घरात वाहक मुलीला आजारी समजून शाळेत पाठवणं बंद केलं होतं, दुसऱ्या घरात एसएस मुलाला "फक्त पॉझिटिव्ह आहे" म्हणून एकही औषध सुरू नव्हतं.

निदान पक्कं झालं की एका कागदावर, मोठ्या अक्षरात, हे लिहा:

- नाव, वय, वजन, रक्तगट, निदान
- बरं असतानाचं हिमोग्लोबिन
- बरं असताना ऑक्सिजन किती असतो
- प्लीहा (पोटात डाव्या बरगडीखालचा अवयव) हाताला लागते का, लागत असेल तर किती बोटं
- रोजची औषधं, मिलिग्रॅमसकट
- आजवर किती वेळा रक्त चढवलं, शेवटचं कधी, त्या वेळी काही त्रास झाला का
- छातीचा क्रायसिस (फुप्फुसात त्रास होऊन धाप लागणं), झटका किंवा पक्षाघात, ऑपरेशन झालं असेल तर त्याचं वर्ष
- कोणत्या औषधाची ॲलर्जी
- नेहमीच्या डॉक्टरांचा आणि घरातल्या दोघांचा फोन

यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन बरं असतानाही बहुधा ६ ते ९च्या दरम्यान असतं. माझ्या भावाचं ७.८ असतं आणि तो ७.८वर क्रिकेट खेळतो. नवीन डॉक्टरांनी आकडा पाहिला की ते दचकतात. नेहमीचा आकडा कागदावर असला की त्यांना लगेच अंदाज येतो.

तपासा: हे पान प्लास्टिकच्या कव्हरात आहे का? त्याचा फोटो घरातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे का? वजन गेल्या सहा महिन्यांतलं आहे का? वाढत्या मुलांचे डोस वजनावर ठरतात.

## टप्पा २: पिशवी भरा, दवाखाना ठरवा, दुसरा माणूस तयार करा

एक पिशवी कायमची भरलेली असू द्या. डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर दुसरी दुखण्याची गोळी, ओआरएसची चार पाकिटं, गरम पाण्याची रबरी पिशवी, पाण्याची बाटली, चादर, मोजे, चार्जर, कागदांच्या झेरॉक्स आणि थोडे सुटे पैसे. यातलं औषध रोजच्या डोकेदुखीला काढायचं नाही. आमच्याकडे एकदा रात्री दोन वाजता पिशवी उघडली, तर पॅरासिटामॉलचं पान रिकामं. काकांच्या अंगदुखीत संपलं होतं.

मग दवाखाना. जवळचा कोणता, हा प्रश्न नाही. रात्री ऑक्सिजन, एक्स-रे आणि रक्त कुठे मिळतं, हा प्रश्न आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना दिवसा, शांतपणे विचारून ठेवा. १०८ला फोन केला तर गाडी कुठून येते आणि किती वेळ लागतो, हेही विचारा. पावसाळ्यात नाल्यावरचा रस्ता बंद होत असेल तर दुसरा रस्ता कोणता, हेसुद्धा.

आणि दुसरा माणूस. सगळं फक्त आईला माहीत असतं, हा मोठा धोका आहे. आई माहेरी गेली किंवा तीच तापाने फणफणली तर? घरातल्या आणखी एकाला थर्मामीटर वाचता यायला हवा, पिशवीची जागा माहीत हवी आणि पुढचा टप्पा ५ तोंडपाठ हवा.

तपासा: त्या दुसऱ्या माणसाला एकदा तुमच्यासमोर सगळं करून दाखवायला सांगा. "हो, माहीत आहे मला" यावर थांबू नका.

## टप्पा ३: रोजचं काम

पाणी. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. शरीर कोरडं पडलं की हे वाढतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३ लिटर, २० किलोच्या मुलाला दीड ते दोन लिटर, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात त्याहून जास्त. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

लघवी पांढरी झाली म्हणजे पाणी पुरेसं झालं, हा हिशोब इथे चालत नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लवकर कमी होते, त्यामुळे शरीर कोरडं असतानाही लघवी फिकट दिसू शकते. उलट रक्तपेशी तुटल्यामुळे कधी ती गडदही दिसते. म्हणून रंग पाहू नका, बाटल्या मोजा. आमच्या एक लिटरच्या बाटलीवर आईने नेलपॉलिशने तीन रेघा मारल्या आहेत: शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत पहिली, शाळा सुटेपर्यंत दुसरी, घरी येईपर्यंत तळ.

याच कारणाने एसएस मुलं मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओलं करतात. तेव्हा घरोघरी काय होतं? संध्याकाळी सहानंतर पाणी बंद, आणि वर बोलणी. मूल रात्रभर कोरडं राहतं आणि पहाटे हाडं ठणकायला लागतात. पाणी बंद करू नका. रबरी चादर घाला, रात्री एकदा उठवा, आणि ओरडू नका. हे त्याच्या हातात नाही.

हायड्रॉक्सीयुरिया. याच्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ही दुखण्यावरची गोळी नाही. दुखायला लागल्यावर एक घेऊन उपयोग नसतो. ती रोज घ्यायची. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. मग दुखणी कमी होतात, घरच्यांना वाटतं बरा झाला, आणि औषध बंद होतं. दोन महिन्यांनी मूल पुन्हा वॉर्डात. कमी झालेली दुखणी हाच औषध काम करत असल्याचा पुरावा आहे.

सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि डोस बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायची असते. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर डॉक्टर काही दिवस औषध थांबवतात. एक दिवस चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या नाहीत. गरोदर बाईने या कॅप्सूलला उघड्या हाताने शिवू नये. रुग्ण लग्नाच्या वयाचा, वयाची असेल आणि मूल हवं असेल, तर ते ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. पुरवठा कधी कधी खंडित होतो, म्हणून दहा दिवसांची औषधं उरली की लगेच आणायला निघायचं.

फॉलिक ॲसिड रोज. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर पेनिसिलिन देतात, तेही चुकवू नका. न्यूमोकोकलच्या लसी राहिल्या असतील तर विचारून घ्या.

लोह. "रक्त कमी आहे" म्हटलं की लोहाची गोळी सुरू, ही आपली सवय. सिकलसेलमध्ये रक्त लोहाअभावी कमी झालेलं नसतं, पेशी लवकर तुटतात म्हणून कमी असतं. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात तर लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी द्यायची की नाही, हे फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी) पाहून डॉक्टरांनी ठरवायचं. तोवर वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या.

प्लीहा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचं पोट रोज आंघोळीच्या वेळी चाचपा. डाव्या बरगडीच्या खाली, बोटं सपाट ठेवून, मूल श्वास घेताना. कसं बघायचं ते नर्सताईंकडून एकदा शिकून घ्या. नेहमी एक बोट लागणारी प्लीहा अचानक तीन बोटं लागली आणि मूल पांढरंफटक, मलूल दिसलं, तर रक्त प्लीहेत अडकलं आहे. हे काही तासांत जिवावर बेतू शकतं.

सावधान: एसएस रुग्णाचे डोळे अधूनमधून पिवळे दिसतातच. ती पसरणारी कावीळ नसते. अशा वेळी "कावीळ उतरवायला" नेऊन झाडपाल्याचा रस पाजणं, तेल-मीठ बंद करणं यात मूल अजून खंगतं. पिवळेपणा नेहमीपेक्षा खूप वाढला, किंवा सोबत ताप, उलटी, उजव्या कुशीत दुखणं असेल तर मात्र दवाखाना. यकृताची कावीळ किंवा पित्ताशयात खडे असू शकतात.

## टप्पा ४: दुखणं ओढवणारे दिवस ओळखा

प्रत्येकाचं कारण थोडं वेगळं असतं, पण आमच्याकडे तीन ठरलेली आहेत. रोवणी, कारण दिवसभर चिखलाच्या गार पाण्यात पाय आणि वर पाऊस. पुसाची थंडी. आणि लग्नघर: जागरण, कमी पाणी, दमणूक. रोवणीला आम्ही भावाला बांधीत उतरवत नाही, तो घरून डबे पोचवतो. शेजारीपाजारी "लाडावला" म्हणतात, म्हणू देत. नदीत, तळ्यात पोहणं बंद. भिजला तर आधी कपडे बदलायचे, बाकीचं मग. तेंदूपत्त्याच्या दिवसांत सकाळी लवकर जाऊन ऊन चढायच्या आत परत, तेही पाणी सोबत घेऊन. तंबाखू आणि दारू रुग्णासाठी तर वाईटच, पण घरातला बिडीचा धूरही त्याच्या फुप्फुसांना त्रास देतो.

## टप्पा ५: दुखायला लागलं, आता क्रमाने

### पहिली दहा मिनिटं: गोळी नाही, तपासणी

माझं या लेखात एकच आग्रहाचं सांगणं असेल तर ते हे. पॅरासिटामॉल दुखणं कमी करतं तसं तापही उतरवतं. गोळी आधी दिली की ताप झाकला जातो आणि आपण घरीच बसून राहतो. एका पावसाळ्यात आम्ही असेच बसलो. भावाची पाठ दुखत होती, गोळीने बरं वाटलं, रात्रभर झोपला. सकाळी त्याला वाक्य पूर्ण करता येईना. छातीचा क्रायसिस होता. अकरा दिवस दवाखान्यात गेले. आदल्या संध्याकाळी थर्मामीटर लावला असता तर कदाचित तेव्हाच निघालो असतो, हे आईच्या मनातून आजही जात नाही.

म्हणून आधी हे बघा:

1. ताप. १०१ फॅरनहाइट किंवा जास्त आहे का?
2. श्वास. छातीत दुखतंय, खोकला आहे, धाप लागते, एका दमात दहापर्यंत मोजता येत नाही?
3. डोकं आणि हातपाय. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोबडी वळते, झटका येतो, अचानक दिसेनासं होतं?
4. रंग आणि पोट. ओठ-तळवे नेहमीपेक्षा पांढरे? पोट फुगलं, प्लीहा वाढली?
5. उलट्या. पाणी पोटात ठरत नाही?
6. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंग ताठ राहून दुखतंय का? मुलं लाजेने हे सांगत नाहीत. आधीच, बरं असताना, बाबांनी किंवा मोठ्या भावाने समजावून ठेवा. दोन तासांच्या आत थांबलं नाही तर दवाखाना, सकाळची वाट पाहायची नाही.

रुग्ण गरोदर असेल तर तिचं कोणतंही दुखणं घरी काढायचं नाही.

सावधान: यातलं एकही उत्तर "हो" आलं तर घरचा उपचार नाही. पहिलं पान आणि पिशवी घ्या, निघा. नुसता ताप, दुखणं अजिबात नाही, तरीही निघायचं. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे साधा वाटणारा जंतुसंसर्ग झपाट्याने रक्तात पसरू शकतो.

### सगळं "नाही" आलं तर

पाणी. लगेच एक ग्लास, मग दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. ओआरएस, ताक, पेज, काहीही चालेल.

ऊब. दुखऱ्या जागेवर गरम पाण्याची पिशवी, कापडात गुंडाळून. बर्फ कधीच नाही. पाय मुरगळल्यावर बर्फ लावतात म्हणून इथेही लावतात, त्याने नसा आवळतात आणि दुखणं वाढतं. करकचून दोरी किंवा फडकं बांधू नका, जोरात रगडू नका. हलक्या हाताने तेल लावलं तर हरकत नाही.

गोळी, घड्याळ पाहून. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. २० किलोच्या मुलाला एका वेळी ३०० मिलिग्रॅम. पातळ औषधात इथेच चूक होते: एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. "एक चमचा" असं कधीच लक्षात ठेवू नका, बाटलीवरचा आकडा वाचा. दुसरी गोळी, आयब्युप्रोफेनसारखी, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, आणि खाल्ल्यावर. डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन स्वतःहून घेत राहिल्याने आधीच नाजूक असलेल्या किडनीवर भार येतो. लहान मुलांना ॲस्पिरिन घरी द्यायची नाही.

वही. वेळ, ताप, कुठे दुखतं, शून्य ते दहात किती, कोणती गोळी किती. चार तासांनी ताप पुन्हा मोजा.

गोळी देऊन तासभर झाला, काही उतार नाही, आणि दुखणं सात-आठच्या वरच आहे, तर दुसऱ्या डोसची वाट पाहू नका. थोडा उतार पडला पण दुसऱ्या दिवशीही दुखतंच आहे, तरी दाखवा.

"नाटक करतोय" हा शब्द घरात येऊ देऊ नका. माझा भाऊ दुखत असताना रडत नाही. मोबाइलवर मॅच लावतो आणि गप्प पडतो. पाहुण्यांना वाटतं मजेत आहे. त्याच्या पायाची बोटं मात्र चादरीत घट्ट आवळलेली असतात आणि स्कोअर विचारला तर सांगता येत नाही. तुमच्या माणसाची अशी खूण कोणती, ती शोधून पहिल्या पानावर लिहा.

## टप्पा ६: दवाखान्यात

पोचल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असू द्या: "हा सिकलसेल एसएस रुग्ण आहे, दुखणं इतक्या वाजता सुरू झालं, ताप इतका होता, शेवटची गोळी इतक्या वाजता दिली." आणि पान हातात द्या. केस पेपरच्या रांगेत एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने रुग्णाला घेऊन थेट तपासणीकडे जायचं.

नम्रपणे पण स्पष्ट विचारा: दुखण्याचं औषध कधी देणार? जगभरचा दंडक पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस असा आहे. ऑक्सिजन मोजला का? सीबीसीसोबत रेटिक मोजणी (नव्याने तयार होणाऱ्या लाल पेशींची) होणार का? ताप किंवा छातीत दुखणं असेल तर एक्स-रे?

आता रक्ताबद्दल. साध्या दुखण्याच्या क्रायसिसवर रक्त हा उपचार नाही. हिमोग्लोबिन नेहमीच्या आकड्यापेक्षा बरंच खाली गेलं, छातीचा क्रायसिस झाला, प्लीहेत रक्त अडकलं, पक्षाघात झाला, तेव्हा ते जीव वाचवतं. पण उगीच चढवून हिमोग्लोबिन १०च्या वर गेलं तर रक्त दाट होतं आणि नसा तुंबायचा धोका वाढतो. शिवाय प्रत्येक पिशवीसोबत लोह साठतं आणि पुढे जुळणारं रक्त मिळणं अवघड होत जातं. म्हणून "रक्त चढवा" असा आग्रह धरू नका. "नेहमीचं इतकं असतं, आज किती आलं?" एवढं विचारा. सलाइनचंही तसंच आहे. पाणी पिता येत असेल तर बाटलीवर बाटली चढवून फायदा नाही, जास्त पाणी फुप्फुसात उतरू शकतं.

रक्त लागलंच, तर रक्तपेढीत सिकलसेलचं कार्ड दाखवा. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना बदली रक्तदाता न मागता मोफत रक्त द्यायचे निर्देश आहेत. आधी बरेचदा रक्त चढलं असेल तर ते सांगा, म्हणजे नुसता गट न पाहता बारकाईने जुळवता येतं.

खाटेवर पडून राहिलेल्या रुग्णाची छाती भरते. जागा असताना दर दोन तासांनी उठून बसवा, दहा खोल श्वास घ्यायला लावा. हे काम घरच्यांचंच आहे.

तपासा, सुट्टी घेताना: हायड्रॉक्सीयुरिया चालू ठेवायचं की थांबवायचं? आजचं हिमोग्लोबिन किती? पुढची तारीख कोणती? तिन्ही उत्तरं कागदावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

## टप्पा ७: घरी आल्यावर

आठवडाभर दमणूक नको, पाणी वाढवा. वहीत लिहा की क्रायसिसच्या आदल्या दोन दिवसांत काय झालं होतं. वर्षभराची वही चाळली की तुमच्या माणसाचं कारण आपोआप दिसतं.

वर्षातून काही तपासण्या ठरवून करा: दोन ते सोळा वर्षांच्या मुलांना डोक्याच्या नसांची डॉप्लर सोनोग्राफी, कारण पक्षाघाताचा धोका त्यात आधी कळतो. दहाव्या वर्षापासून डोळ्यांचा पडदा. लघवीतलं प्रथिन. लंगडणं किंवा जांघेत दुखणं टिकलं तर खुब्याचा एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय.

कागदपत्रांचं काम बरं असतानाच्या महिन्यात उरका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करता येतो. एसटी आणि रेल्वेच्या प्रवासात सवलत आहे. कोणत्या गाडीत किती आणि कोणता दाखला लागतो, हे डेपोत आणि स्टेशनवर विचारून घ्या. दहावी-बारावीला जादा वेळ मिळू शकतो, पण त्याचा अर्ज शाळेमार्फत बराच आधी जातो. नववीतच मुख्याध्यापकांना भेटा.

आणि शाळेला एक साधी चिठ्ठी द्या. आमच्या आईने दिलेली अशी होती: "माझ्या मुलाला सिकलसेल आहे. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. लघवीला विचारेल तेव्हा जाऊ द्यावं. पावसात, कडक उन्हात मैदानावर उभं करू नये. लोहाची गोळी देऊ नये. अंग गरम लागलं तर घरी सोडू नये, मला फोन करावा, मी घ्यायला येते." दर जूनला वर्गशिक्षक बदलले की आई तीच चिठ्ठी नव्याने लिहून देते.